पहिला घास डोक्याचा

आत्याबाई, आपल्या घरात आता विस्तवाशिवाय भाजतात. ओट्यावर एक पेटी बसवलीय, तिला समोरून काच आहे आणि आत दिवा लागतो. त्या काचेसमोर तुमची पणती, म्हणजे माझी नात, पाट टाकून बसलीय आणि आतल्या कुकीज फुगल्या का ते बघून राह्यलीय. उद्या वसुबारस. तिनं बाजारातून साचे आणलेत, आकाशकंदिलाचा, मोराचा, पणतीचा, हत्तीचा. चॉकलेटचे दाणे तर तयार पुडीतच मिळतात, हरभऱ्याच्या डाळीएवढे, सगळे एकासारखे एक. तुम्ही असता तर त्यातला एक उचलून दाताखाली धरला असता आणि म्हणाला असता, "याच्यात कडूपणाच न्हाई, हे कसलं चाकलेट?" मघाशी तिनं मला विचारलं, "आजी, त्या काळात जालन्यात कुकीज कोण करत होतं गं? तुला कुणी शिकवल्या?" मी म्हटलं, शिकवल्या सिकंदराबादच्या शेजारणीनं, पण या घरात टिकवल्या तुझ्या पणजीनं. ती हसली. तिला वाटलं, म्हातारी उगीच सासूचं कौतुक करतीय, सासू गेल्यावर सगळ्याच सुना करतात तसं. मला राग आला. म्हणून कागद घेऊन बसले. तुमच्या पाठीमागं तुमच्याबद्दल कुणी बोललेलं तुम्हाला खपायचं नाही, चांगलं बोललं तरी. जे काय बोलायचं ते तोंडावर बोला, असं म्हणायचात. मग घ्या, तोंडावरच बोलते.

मी या घरात आले ती लढाईच्या दिवसांत. माझे वडील सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत कारकून. क्वार्टरमध्ये आमच्या भिंतीला भिंत लावून एका इंजिन ड्रायव्हरचं घर होतं, किरिस्ताव माणसं. त्याच्या बायकोला आम्ही पोरं आंटी म्हणायचो. नाताळ जवळ आला की आंटी पिठाच्या चांदण्या, घंटा आणि छोटी छोटी माणसं करायची, त्यांत चॉकलेट फोडून घालायची, एकेकाच्या डोक्याला भोक पाडून रंगीत फीत ओवायची आणि झाडाला टांगायची. घरात तान्हं असलं तर त्याच्या पाळण्यालाही एक माणूस टांगायची, बाळाला सोबत म्हणून. आई मला तिथं हाताखाली काम करू द्यायची, पण खाऊ द्यायची नाही, कारण त्यात अंडं. त्यामुळं हाताला विद्या आणि जिभेला उपास अशी माझी गत. जालन्यात आले तेव्हा हीच एक विद्या बराबर होती, बाकी सगळा आनंदच. मला ना भाकरी थापता यायची ना गोवरी. तुम्ही माझ्या पहिल्या भाकरीकडं बघितलंत, ती उलथन्यानं उचलून उजेडात धरलीत आणि म्हणालात, "पोरीला वाचता येतं म्हणं. वाचून भाकर फुगती का बघा जरा." शेजारणी पदर तोंडाला लावून हसल्या. मी परसात जाऊन रडले. तुम्ही मागून आलात आणि रडू नको असंही म्हणाला नाहीत. पिठाची परात माझ्यापुढं ठेवलीत आणि म्हणालात, "रडून झालं की दुसरी थाप."

तुम्ही मऊ नव्हता, हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर उद्या कुणी हा कागद वाचला तर त्याला वाटेल मी देवीची आरती लिहून राह्यले.

त्या वर्षी पंचमीला माहेरी गेल्ते. परत निघताना आंटीनं चॉकलेटच्या वड्या हातावर ठेवल्या, पलटणीच्या शिध्यातल्या, खाकी कागदात गुंडाळलेल्या. लाकडाच्या ढलपीसारख्या टणक आणि तशाच कडू. त्या मी ट्रंकेच्या तळाशी लुगड्याच्या घडीत ठेवल्या आणि दिवाळीपर्यंत कुणाला सांगायचं धाडस केलं नाही. दिवाळीला तर घरात पाय ठेवायला जागा नव्हती. नणंदबाई बाळंतपणाला आलेल्या, त्यांना मुलगा झालेला, आणि अंबडच्या चुलतसासूबाई बाळ बघायला येऊन दिवाळीपुरता मुक्काम ठोकून बसणार होत्या. साखर कंट्रोलची, तीही पुरेशी नाही. तुम्ही गुळाच्या ढेपेकडं बघत विचार करत होता, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्याबाई, गुळाच्या कुक्या करू का?"

"काय म्हणली? कुक्की? खुडूक कोंबडीगत काय बोलून राह्यलीस?"

"बिस्कुटं असत्यात तशी."

"बेकरीतलं काई आपल्या घरात येत न्हाई, ठावं न्हाई का तुला?"

"बेकरीतलं न्हाई, आत्याबाई. घरी करायचं. अंडं न घालता." आणि मी वडी आणून दाखवली. तुम्ही ती हुंगली, नखानं खरवडली, जिभेला लावली आणि तुमचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता तुम्ही परसात थुंकायला जाणार. "शी! जहर कडू. आन् काळं कसं, बिब्ब्यागत." पण तुम्ही ढेपेतला एक गुळाचा खडा काढून तोंडात टाकलात. मग म्हणालात, "गुळासंगं बरं लागंल. लाडू, करंज्या सगळ्यांच्याच ताटात असत्यात. अंबडच्या जाऊबाई येऊन राह्यल्या, त्यांना बी दिसू दे आमच्या सुनंला काय येतं." आत्याबाई, त्याआधी कधी तुम्ही "आमची सून" म्हणाला नव्हता. "ही पोर" म्हणायचात. मी चाळण शोधायला पळाले.

तो दिवस मला आत्ताही डोळ्यांपुढं दिसतो. तुम्ही पाट्यापाशी बसून गूळ किसताय, मी वस्त्रगाळ पिठात घरचं तूप चोळतेय, दही आणि चिमूटभर सोडा घालतेय, खलबत्त्यात चॉकलेट फोडतेय आणि ते उडून चुलीमागं जातंय. तुम्ही ओरडताय, "हळू गं, जिन्नस हाय का दगड?" मी आंटीकडं पाहिलेलं आठवून पितळी पातेल्यात वाळू तापवली, वाळूवर ताटली ठेवली, वरून तवा झाकला आणि तव्यावर निखारे. आंटीकडं लोखंडी भट्टी होती, तिथला अंदाज इथं कसा लागणार? पहिली ताटली खालून काळी ठिक्कर आणि वरून कच्ची. तुम्ही एक कुकी उचलून जमिनीवर आपटलीत, ती फुटली नाही. "कोळसे पाडायला शिकवलं का तुला सिकंदराबादेत?" माझे डोळे भरले. पण तुम्ही पदर खोचलात, चुलीतली लाकडं ओढून बाहेर काढलीत आणि गोवऱ्या लावल्यात. "लाकूड तापट असतं. गोवरी समजूतदार असती. भाजायचं काम समजूतदाराला द्यावं." दुसरी ताटली उघडली तेव्हा गूळ, तूप आणि चॉकलेटचा असा काही वास सुटला की ओसरीवरून मामंजी खाकरले. मामंजी खाकरले म्हणजे त्यांना विचारायचंय पण विचारणार नाहीत.

मग तुम्हाला हुरूप आला. पाडव्याला दारापुढं शेणाच्या गवळणी कराव्यात त्या तुम्हीच, अख्ख्या गल्लीत तुमच्या गवळणींना नाक असायचं. त्याच बोटांनी तुम्ही त्या पिठाचे मोर केलेत, हत्ती केले, तुळशीवृंदावन केलं, करंजीच्या कातणीनं कडा कातल्यात. मी केलेल्या चांदण्या तुमच्या मोरांपुढं बापुड्या दिसत होत्या. "तुझ्या चांदण्या का गं अशा मोडक्या?" असं विचारून तुम्ही त्याही नीट केल्यात. मला तेव्हा राग आला होता. आता सांगते, ते मोर मी आजपर्यंत कुठंच पाहिले नाहीत, या नातीच्या साच्यांतही नाहीत.

तुम्ही बाळाच्या अंगाला तेल लावायला आत गेलात तेव्हा परातीत थोडं पीठ उरलं होतं. त्याचा मी आंटी करायची तसा एक माणूस केला. दोन हात, दोन पाय, गोल डोकं. चॉकलेटचे डोळे लावले, पोटावर तीन गुंड्या लावल्या, डोक्यात दाभणानं भोक पाडलं. छान भाजला गेला. तुमच्या मोरांच्या तोडीचं माझंही एक काही असावं, असं मनात होतं, म्हणून तो तुम्हाला दाखवला नाही. पाडव्याच्या सकाळी अभ्यंगस्नानाच्या गडबडीत त्याला दोरा ओवला आणि बाळाच्या पाळण्याला टांगला. फीत कुठली असायला? शिवणाच्या डब्यात लाल दोरा होता, तोच घेतला. आत्याबाई, क्वार्टरमध्ये वाढलेल्या पोरीला कोण सांगणार की कणकेचा बाहुला करून, त्याला काळे बिब्बे टोचून, लाल दोरा बांधून कुणाच्या घरात टाकला तर त्याला करणी म्हणतात? आणि बाळाच्या अंगात पहाटेपासून ताप आहे, ते दूध ओढत नाही, हेही मला कुणी सांगितलं नव्हतं.

चुलतसासूबाई बाळाला ओवाळायला निरांजन घेऊन आत गेल्या आणि त्यांची किंकाळी ओसरीपर्यंत आली. "आगं बाई गं! पाळण्याला बाहुला! करणी, करणी केली गं कुणी तरी माझ्या लेकराला!" सगळे धावले. मीही धावले. "कुणी टांगलं हे?" त्यांनी विचारलं, आणि मी हसत, आत्याबाई, अगदी हसत हसत म्हटलं, "मी टांगलं."

नणंदबाईंनी बाळाला उराशी धरलं आणि त्या भिंतीला जाऊन चिकटल्या. "वैनी, काय वाकडं केल्तं हो माझ्या लेकरानं तुमचं? सकाळधरनं फणफणलंय ते." काय झालंय हे मला कळायच्या आत चुलतसासूबाई सुरू झाल्या होत्या. "नणदंला लेक झाला, आपली कूस रिकामी, मंग पोटात दुखायचंच. बिब्बे बघा कसे टोचलेत, डोळ्यात आन् पोटात! टांगा बोलवा आन् ठेसनावर नेऊन घाला हिला. सिकंदराबादची बला सिकंदराबादला जाऊ द्या." मी बोलायला गेले तर माझं कुणी ऐकेना. तुमचे चिरंजीव आदल्या दिवशी केदारखेड्याला शेतावर गेल्ते. असते तरी अशा वेळी त्यांच्या तोंडून शब्द फुटला नसता, हे मी त्यांच्यासोबत जन्म काढल्यावर म्हणू शकते. मामंजींनी एकदा पाळण्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि गड्याला हाक मारून टांगा आणायला सांगितला. त्या टांग्यात बसले असते तर मी परत आले नसते. भांडून गेलेल्या सुनेला परत आणायला मूळ धाडतात, करणीवालीला कोण धाडतो? आणि माहेरी माझ्या पाठच्या बहिणी होत्या, त्यांनाही मग कुणी पत्करलं नसतं. हे सगळं त्या एवढ्याशा वेळात माझ्या डोक्यातून गेलं.

तुम्ही अंगणात गवळणी मांडत होता. हात धुऊन, पदराला पुसत आत आलात. चुलतसासूबाईंनी तुम्हाला सगळं एका दमात सांगितलं. पाळण्याजवळ गेलात, त्या बाहुल्याकडं बघितलंत, दोऱ्याकडं बघितलंत. मग माझ्याकडं वळलात.

"काय हाय हे?"

मी मान हलवली. त्या मानेचा अर्थ मलाही ठाऊक नव्हता.

"मान नको हलवू. खायचं हाय का टांगायचं हाय?"

"खायचं," मी म्हटलं.

"जोरात सांग. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"खायचं हाय, आत्याबाई!" मी किंचाळलेच जवळजवळ.

तुम्ही दोरा दातानं तोडलात. बाहुला हातात धरलात, आणि त्याचं डोकं तोंडात घालून कडकन् मोडलंत. तुम्ही चावत होता. सावकाश, नीट, पान चघळावं तशा. चुलतसासूबाईंच्या हातातलं निरांजन तिरपं होऊन तेल सांडायला लागलं होतं. तुम्ही घास गिळलात, जिभेनं दातावरचा कण काढलात आणि म्हणालात, "गूळ जरा कमी पडला."

मग उरलेल्याचा एक पाय मोडून तुम्ही पुढं केलात. "घ्या, जाऊबाई. तुमी बी चाखून बघा." त्या अशा मागं सरकल्या की उंबऱ्याला अडखळल्या. तुमचा हात तसाच पुढं राह्यला. आणि तेव्हा मामंजी, ज्यांनी टांगा बोलवला होता ते मामंजी, ओसरीवरून आत आले. "आना इकडं," म्हणाले. तो पाय त्यांनी तोंडात टाकला, मिशीला कण लागले, ते हातानं झटकले. "बराबर हाय. कडू हाय, पण बिलकुल वाईट न्हाई." एवढं बोलून परत ओसरीवर. माझ्याशी ते अख्ख्या आयुष्यात फार तर चार वाक्यं बोलले असतील, पण त्या एका वाक्यावर मी त्यांना सगळं माफ केलं.

दारात टांगा थांबल्याचा आवाज आला. चुलतसासूबाई अजून हरल्या नव्हत्या. "टांगा आला," त्या म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, "आला ते बरंच झालं. लेकराला दवाखान्यात न्यायचंय. ताप करणीनं उतरत न्हाई आन् करणीनं चढत बी न्हाई." तुम्ही लेकीच्या हातून बाळ घेतलंत, दुलईत गुंडाळलंत, मला दंडाला धरून टांग्यात चढवलंत, आणि तुमचा एकुलता नातू, तापानं फणफणलेला, माझ्या मांडीवर ठेवलात. नणंदबाईंना रडू आवरेना. चुलतसासूबाई दारातून ओरडल्या, "आवं, तिच्या मांडीवर?"

"मंग कुणाच्या?" तुम्ही टांग्यात चढत म्हणालात. "मामी हाय ती त्याची."

नदीचा पूल ओलांडेपर्यंत तुम्ही एवढंच बोललात, "डोकं वर धर त्याचं." दिवाळीचा दिवस, रस्त्यात लोकं नवे कपडे घालून चाललेली, टांगेवाला घोड्याला गोंडे बांधून मिजाशीत, आणि माझ्या मांडीवर ते गरम गाठोडं. वाटेत त्याला काही झालं असतं तर जगातल्या कुणीही तुमचं ऐकलं नसतं, तुमच्या लेकीनंही नाही. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? तरी तुम्ही त्याला माझ्याकडंच ठेवलंत. दवाखान्यातली डाक्टरीणबाई म्हणाली, छातीत कफ आहे, नाक चोंदलंय म्हणून दूध ओढत नाही, थंडीत न्हाऊ घालताना जपा. औषध दिलं. भाऊबीजेला ताप उतरला आणि पठ्ठ्या असा प्यायला लागला की नणंदबाई म्हणाल्या, "वैनी, याला घ्या जरा, माझी पाठ मोडली." त्यांनी माफी वगैरे मागितली नाही. आपल्या घरात कुणी मागायचं नाही. बाळ माझ्याकडं दिलं, हीच माफी. तो भाचा आता सत्तरी ओलांडून गेलाय, एमआयडीसीतला बियाण्याचा कारखाना पोरांच्या हवाली करून बसलाय, साखर वाढलीय, तरी दिवाळीला येतो आणि म्हणतो, "मामी, माझी करणी कुठाय?"

दिवाळी झाल्यावर तुम्ही मला घेऊन बाजारात गेलात, डबे झाळून देणाऱ्याकडं. त्याला म्हणालात, "पत्र्याचा साचा पाहिजे. माणूस पाहिजे. लई मोठा नको, तळहाताएवढा. पर डोकं भक्कम कर, आमच्या घरात पहिला घास डोक्याचा असतो." तो बिचारा तुमच्या तोंडाकडं बघत राह्यला. मी हसू दाबत तुमच्या मागं उभी. आयुष्यात तुम्ही मला दिलेली ती एकच वस्तू, बाकी लुगडी-बांगड्या रीतीच्या होत्या. पुढच्या दिवाळीला आपल्याकडं बाहुलेच बाहुले झाले. गल्लीत ताटं गेली, तेव्हा तुम्ही मुद्दाम प्रत्येक ताटात वर बाहुला ठेवलात. ज्याला यायचं त्यानं भांडायला यावं असा तुमचा बेत होता, पण भांडायला कुणी आलं नाही, कृती विचारायला आले. अंबडच्या चुलतसासूबाईही आल्या होत्या. निघताना पदर पुढं करून म्हणाल्या, "नातू लई मागून राह्यलाय, एखादा द्या." तुम्ही म्हणालात, "देते की. आधी इथं बसून डोकं खा." आणि खायला लावलंत.

आमच्या पिढीच्या बायका एकत्र बसल्या की सासूच्या गोष्टी निघतात. कुणाला उपाशी ठेवलेलं, कुणाला डागलेलं, कुणाला पहाटे गार पाण्यात उभं केलेलं. माझी पाळी आली की मी ताठ बसते आणि म्हणते, माझ्या सासूनं माझ्यासाठी माणसाचं डोकं खाल्लं. मग त्या दचकतात, आणि मग मी सांगते. किती जणींना सांगितलं असेल. दर वेळी सांगताना छाती भरून येते, आत्याबाई, दर वेळी. मी शिकलेली, तुम्हाला सही करता येत नव्हती, आणि या घरात मी जी काय मान वर करून जगले ती तुमच्या दातांच्या जोरावर. हे तुमच्या हयातीत म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "बोलणं पुरे, तुरीची डाळ निवडायची राह्यलीय."

डाळच निवडत होतो आपण, तुम्ही ते बोललात तेव्हा. रझाकारी होऊन गेली होती, निजाम गेला होता, माझी दोन्ही मुलं शाळेत जायला लागली होती, तुमचे डोळे अधू झाले होते. दुपारची वेळ, ओसरीवर आपण दोघीच. तुम्ही सूप थांबवलंत आणि एकाएकी म्हणालात, "त्या दिवशी मला भ्या वाटलं व्हतं."

"कोणत्या दिवशी?"

"बाहुल्याच्या. लाल दोरा बघितला तवा. चाकलेट ठावं व्हतं मला, पर बाहुला कुठं ठावं व्हता? म्हणलं, ही पोर तिकडून अजून काय काय शिकून आली, देव जाणे. माझ्या मायच्या गावात असा बाहुला निघाल्यावर एक बाई खरंच गेल्ती."

माझ्या हातातली डाळ तशीच राह्यली. "मंग खाल्लात कशाला, आत्याबाई?"

"तू म्हणलीस ना खायचं हाय म्हणून." आणि तुम्ही पुन्हा पाखडायला लागलात. थोड्या वेळानं, सुपाकडंच बघत तुम्ही विचारलंत, "तुला न्हाई वाटलं भ्या?"

मी म्हटलं, "मला कशाला? त्यात काय घातलंय ते मला ठाऊक होतं."

"ते बी खरंच," तुम्ही म्हणालात.

हे पत्र कुठं जायचं नाही, आणि नातीलाही मी ते दाखवणार नाही, कारण तिलाही मी हेच सांगणार आहे की तुझी आजी बिलकुल घाबरली नव्हती. तुम्हाला तेवढं खरं सांगते. मी घाबरले होते. सगळे करणी करणी म्हणून ओरडत होते, बाळाचं अंग भाजत होतं, आणि मला वाटायला लागलं, झालं असेल. ती वस्तू मी जन्मात कधी चाखली नव्हती, आपल्या चुलीवर भाजलेलीही नैवेद्याआधी तोंडाला लावली नव्हती. आंटीच्या झाडावर ती चांगली असेल, पण आपल्या पाळण्यावर तिचं काही वेगळंच झालं असेल, माझ्या हातून नकळत खरंच झालं असेल. तुम्ही डोकं मोडलंत तेव्हा मी तुमच्या धैर्याकडं बघत नव्हते, आत्याबाई, मी तुमच्या तोंडाला फेस येतो का ते बघत होते. टांग्यात तुम्ही एकदा खोकलात आणि मी बाळाचं सोडून तुमच्याच तोंडाकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे डोळे मिटून पडून राह्यले, उठायचं धाडस होईना, कारण तुमच्या खोलीतून काहीच आवाज येत नव्हता. आणि मग अंगणातून तुमचा तो नेहमीचा, शेजारपाजार जागं करणारा आवाज आला, "ऊठ गं, सडा कोण टाकंल, तुझी आंटी?" तेव्हा कुठं मला कळलं की मी काही केलं नव्हतं.